‘धडा झाला’ म्हणजे नेमकं काय झालं? बारावी बायोच्या उजळणीचा तक्ता

दिवाळीची सुट्टी संपली की बारावी सायन्सच्या कुठल्याही मुलाला विचारा, बायो कुठवर आलं? उत्तर ठरलेलं असतं: ‘नऊ धडे झाले.’ झाले म्हणजे क्लासमध्ये शिकवून झाले, वाचून झाले की हायलायटरने पिवळे करून झाले, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. उजळणीचं वेळापत्रक फसतं ते या ‘झाले’मुळे. वहीच्या शेवटच्या पानावर पंधरा धड्यांपुढे पंधरा टिक असतात आणि प्रीलिमला लॅक ऑपेरॉनची (जिवाणूतली जनुकं चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेची) आकृती अर्ध्यात अडकते.

ठाणे आणि ऐरोली-कोपरखैरणे पट्ट्यातली पाच मुलं आणि शिकवणारे आम्ही दोघं, एवढाच गट होता. राज्य मंडळाची बारावी, विषय जीवशास्त्र. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकच तक्ता चालवला आणि त्यात तीनदा मोडतोड केली. काय ठेवलं, काय काढलं आणि का, ते इथे मांडतो आहोत.

आधी मागून मोजायचं

थोरल्या भावंडाचं जुनं वेळापत्रक तसंच उचललं तर ते पहिल्याच पायरीवर चुकतं. बारावीची लेखी परीक्षा २०२४ मध्ये २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती, २०२५ मध्ये ११ फेब्रुवारीला. म्हणजे सगळे दहा दिवस उजळणीतूनच गेले. म्हणून पहिलं काम म्हणजे मंडळाचं त्या वर्षीचं वेळापत्रक समोर ठेवून बायोच्या पेपरच्या तारखेपासून उलटं मोजत येणं.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत साधारण चौदा आठवडे मिळतात. आठवड्याला बायोच्या पाच बैठका धरल्या तर ७०. हा आकडा बघून सगळ्यांना हुरूप येतो, पण तो कागदावरचा. प्रीलिमच्या दोन आठवड्यांत बायोला वेगळी बैठक मिळत नाही, त्या १० गेल्या. जानेवारीच्या शेवटी प्रात्यक्षिकं, जर्नल, सह्या यांत ५. लग्नं, ताप, कॉलेजची सबमिशनं यांत आणखी ५. हातात उरतात ५०. त्यांतल्या २७ पहिल्या फेरीला, १५ दुसऱ्या फेरीला, ५ पूर्ण पेपर सोडवायला आणि ३ राखीव. राखीव तीन डिसेंबरातच संपतात, हे गृहीत धरा. ते नियोजनाचं अपयश नव्हे, त्यासाठीच तर त्या ठेवलेल्या असतात.

पहिल्या फेरीच्या २७ बैठका सगळ्या धड्यांना सारख्या वाटल्या तर घोटाळा होतो. प्राण्यांमधलं प्रजनन, मॉलिक्युलर बेसिस ऑफ इनहेरिटन्स, रेस्पिरेशन अँड सर्क्युलेशन आणि कंट्रोल अँड कोऑर्डिनेशन हे चार धडे जड आहेत. त्यांना प्रत्येकी तीन बैठका. वनस्पतींमधलं प्रजनन, इनहेरिटन्स अँड व्हेरिएशन, प्लांट ग्रोथ अँड मिनरल न्यूट्रिशन आणि बायोटेक्नॉलॉजीला प्रत्येकी दोन. उरलेल्या सात धड्यांना एकेक. बारा, आठ आणि सात, झाले सत्तावीस. बैठक सव्वा तासाची. पाऊण तासात वाचून होतं, पण लिहायला वेळ उरत नाही, आणि लिहिणं हाच या सगळ्याचा गाभा आहे.

ऑप्शनला टाकण्याचं गणित

‘इकॉलॉजीचे तीन धडे ऑप्शनला टाकले’ हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. ते कितपत परवडतं हे पेपरच्या रचनेवरूनच कळतं. लेखी पेपर ७० गुणांचा. पहिल्या विभागात १० बहुपर्यायी आणि ८ एका वाक्यातले प्रश्न, एकूण १८ गुण, तिथे पर्याय नाही. मग दोन गुणांचे बारांपैकी आठ, तीन गुणांचे बारांपैकी आठ आणि चार गुणांचे पाचांपैकी तीन. छापलेल्या सगळ्या प्रश्नांची बेरीज ९८, लिहायचे ७०.

म्हणजे पर्यायाची ऐट फक्त मोठ्या प्रश्नांत. १८ गुणांचे सक्तीचे प्रश्न पुस्तकभर विखुरलेले असतात आणि टाकून दिलेल्या धड्यातला एका गुणाचा प्रश्न टाळता येत नाही. शिवाय पर्यायाचा खरा उपयोग वेगळा आहे: परीक्षेत समोर आलेला विचित्र प्रश्न सोडता यावा म्हणून तो असतो. घरूनच तीन धडे सोडून आलात तर ती सवलत आधीच खर्च झालेली असते. आमचा नियम असा: एखादा धडा जमतच नसेल तर त्यातल्या चार गुणांच्या उत्तरांची तयारी सोडा, पण त्यातल्या व्याख्या, नावं आणि एका वाक्याची उत्तरं सोडू नका. आणि खरं सांगायचं तर इकॉलॉजी टाकून मॉलिक्युलर बेसिसशी झुंजणं हा उलटा व्यवहार आहे. इकॉलॉजी दोन वाचनांत हाती लागतं.

तुकडा

तक्त्याची ओळ म्हणजे धडा नाही, तुकडा. तुकड्याची व्याख्या अशी ठरवली: तीन गुणांचा एक प्रश्न होईल आणि सहा मिनिटांत कोऱ्या कागदावर उतरेल एवढा मजकूर. ‘मॉलिक्युलर बेसिस’ हा तुकडा नाही. ‘हर्शी आणि चेस यांचा प्रयोग’ हा तुकडा आहे, ‘न्यूक्लिओसोमची रचना’ हा दुसरा, ‘लॅक ऑपेरॉन, लॅक्टोज असताना आणि नसताना’ हा तिसरा. बैठकीला चार या हिशेबाने पंधरा धड्यांचे १०८ तुकडे झाले. जपमाळेएवढे, आणि मुलांनी तक्त्याला नावही तेच दिलं.

प्रत्येक तुकड्यापुढे एक अक्षर: आ म्हणजे आकृती, सा म्हणजे साखळी (एकामागून एक घडणाऱ्या पायऱ्या), फ म्हणजे फरक, ग म्हणजे गणित, य म्हणजे नुसती यादी किंवा व्याख्या. ही अक्षरं शोभेची नाहीत, कारण प्रत्येक प्रकार वेगळ्या रीतीने तपासावा लागतो. आकृती वाचून येत नाही, साखळी पाठ करून टिकत नाही आणि गणित पाहून समजल्यासारखं वाटतं, सोडवताना मात्र हातातून निसटतं.

तक्ता गुगल शीट्समध्ये केला आणि त्याची छापील प्रत ए-थ्री कागदावर भिंतीला लावली. दोन्ही लागतात. फोनमधला तक्ता तारखा काढून देतो. भिंतीवरचा डोळ्यांना टोचतो. शीट्समध्ये एक खोच आहे. फाइलच्या सेटिंग्जमध्ये लोकेल भारत नसेल तर ११/१२ ही तारीख ११ डिसेंबर न धरता १२ नोव्हेंबर धरली जाते आणि पुढच्या सगळ्या तारखा गडबडतात. तक्ता बनवल्याबरोबर हे आधी बघा. आमच्या लक्षात आलं तेव्हा आठवड्याभराच्या नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागल्या.

पहिली मोडतोड: त्याच दिवशीचे गुण खोटे

सुरुवातीची पद्धत अशी होती. चार तुकडे पुस्तकातून वाचायचे, पुस्तक मिटायचं, चारही कोऱ्या कागदावर लिहायचे, तीनपैकी गुण द्यायचे, तक्त्यात भरायचे. पहिल्या दोन आठवड्यांत तक्ता हिरवागार झाला. सगळीकडे तीन, कुठे दोन. तिसऱ्या आठवड्यात सहज म्हणून जुने दहा तुकडे न सांगता पुन्हा लिहायला दिले, तर निम्म्यांवर शून्य किंवा एक.

यात नवल काहीच नाही. वाचल्यावर वीस मिनिटांत लिहिलेलं डोळ्यांपुढे असतं, स्मरणात गेलेलं नसतं. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीच्या तासांत आणि पहिल्या दिवसांत सर्वांत वेगाने होतं, मग ते मंदावतं. तेव्हापासून नियम बदलला: वाचल्या दिवशी लिहायचं, पण गुण भरायचे नाहीत, फक्त तारीख. गुण कितीही मिळोत, तुकडा दोन दिवसांनी परत येणारच आणि पहिली खरी नोंद तेव्हाची. त्यानंतर मात्र गुणांवर ठरतं. ० किंवा १ मिळाला तर पुन्हा दोन दिवसांनी, २ मिळाले तर सात दिवसांनी, ३ मिळाले तर एकवीस दिवसांनी. शीट्समध्ये हे एका ‘इफ’च्या सूत्रात बसतं: शेवटची तारीख अधिक २, ७ किंवा २१. सलग दोनदा तीन मिळाले की तो तुकडा प्रीलिमपर्यंत विश्रांतीला.

दुसरी मोडतोड: तुंबलेले तुकडे

हा नियम लावल्याबरोबर दुसरी अडचण उभी राहिली. रोज चार नवे तुकडे, दोन दिवसांपूर्वीचे चार, आठवड्यापूर्वीचे काही. तीन दिवस घरात पाहुणे आले की चौथ्या दिवशी तक्ता सांगतो, आज अठरा तुकडे लिहा. अठरा म्हणजे जवळपास दोन तास, नवं काही न वाचता. मग मूल तक्ताच उघडत नाही. वेळापत्रकं मरतात ती अशी, आळसामुळे क्वचितच.

त्यावर दोन उपाय केले. एक, परत आलेला तुकडा पूर्ण लिहायचा नाही, दोन मिनिटांत त्याचा सांगाडा काढायचा. आकृती असेल तर हाताने झरझर बाह्यरेषा आणि सगळी नावं. साखळी असेल तर पायऱ्या बाण काढून. फरक असेल तर चार मुद्दे. गणित असेल तर मांडणी आणि उत्तर. दोन, एका दिवशी जास्तीत जास्त आठ. जास्त तुंबले तर आधी सर्वांत कमी गुणांचे, सर्वांत जुने नव्हेत. बाकीचे तसेच राहू द्यायचे, शनिवारी जमले तर शनिवारी, नाही तर दुसऱ्या फेरीत. तक्त्यात थोडं लाल राहणं चालतं, हे मुलांपेक्षा पालकांना समजावणं कठीण गेलं.

मग बैठक अशी बसली: पाव तास जुने आठ, अर्धा तास नवे चार वाचणं, पंचवीस मिनिटं ते लिहिणं, शेवटची पाच मिनिटं नोंदी. पाव तास जुन्यांचा आधी ठेवायचा. शेवटी ठेवला की तो नेहमी कापला जातो.

तिसरी मोडतोड: का चुकलं

गुण ‘किती’ सांगतात, ‘का’ सांगत नाहीत. डिसेंबरात एक स्तंभ वाढवला, चुकीच्या कारणाचा. पाच खुणा: मा (माहीतच नव्हतं), श (शब्द किंवा स्पेलिंग), उ (उलटापालट), प्र (प्रश्न नीट वाचला नाही), वे (वेळ पुरला नाही). महिनाभराने स्तंभ चाळला तर ‘मा’ अपेक्षेपेक्षा कमी आणि ‘उ’ फार निघाले. म्हणजे मुलांना माहिती होती, पण ती उलटी बसली होती. अशा चुकांवर पुन्हा वाचून काही होत नाही, कारण वाचताना सगळं बरोबरच वाटतं. त्या एकेक करून खोडाव्या लागतात. वारंवार आलेल्या काही चुका देतो, त्या बहुतेक सगळ्यांच्या असतात.

हर्शी-चेस (आनुवंशिक द्रव्य म्हणजे डीएनए, हे दाखवणारा प्रयोग): फॉस्फरस-३२ डीएनएत, सल्फर-३५ प्रथिनात. उलट लिहिलं की पुढचा सगळा निष्कर्ष उलटतो. डीएनएत सल्फर नसतं एवढं एक वाक्य कागदाच्या डोक्यावर आधी लिहायचं, मग उत्तर सुरू करायचं.

मेसेल्सन आणि स्टाल यांचा डीएनएची प्रत कशी बनते ते दाखवणारा १९५८ चा प्रयोग: पहिल्या पिढीनंतर ‘अर्धे जड, अर्धे हलके’ असं हमखास लिहिलं जातं. तसं झालं असतं तर प्रतिकृती कॉन्झर्व्हेटिव्ह ठरली असती. पहिल्या पिढीत सगळे रेणू संकरित, दुसरीत अर्धे संकरित अर्धे हलके, तिसरीत पाव संकरित पाऊण हलके. तीन नळ्या काढून पट्टे दाखवायचे, शब्दांपेक्षा ते लवकर पटतं.

लॅक ऑपेरॉन: लॅक्टोज ऑपरेटरला जाऊन चिकटतं, ही लाडकी चूक. ऑपरेटरवर रिप्रेसर बसतो. इंड्यूसर रिप्रेसरला धरतो आणि मग रिप्रेसरला ऑपरेटरवर बसता येत नाही. आकृतीत बाण कुणाकडून कुणाकडे जातो तेवढंच तपासा. सोबत झेड, वाय, ए या जनुकांपुढे अनुक्रमे बीटा-गॅलॅक्टोसिडेज, परमिएज, ट्रान्सअ‍ॅसिटिलेज.

रंगांधत्वाचं गणित: आई वाहक, वडील सामान्य. उत्तर ‘५० टक्के’ की ‘२५ टक्के’? प्रश्नात ‘मुलग्यांपैकी’ आहे की ‘अपत्यांपैकी’, यावर ते ठरतं. मुलग्यांपैकी निम्मे, एकूण अपत्यांपैकी पाव. इथे खूण ‘उ’ची नाही, ‘प्र’ची.

हार्डी-वाइनबर्ग: लोकसंख्येत १६ टक्के रिसेसिव्ह लक्षणाचे, मग क्यू (रिसेसिव्ह जनुकरूपाचं प्रमाण; प्रभावीचं ते पी) ०.१६ धरून पुढे जाणं. १६ टक्के हा क्यूचा वर्ग आहे, क्यू ०.४, पी ०.६ आणि वाहक २ × ०.६ × ०.४, म्हणजे ०.४८. पहिली ओळ नेहमी ‘क्यूवर्ग = ’ अशीच लिहायची, ही सक्ती केल्यावर चूक थांबली.

पाण्याचं वहन: डीपीडी (डिफ्यूजन प्रेशर डेफिसिट) म्हणजे ओपी (ऑस्मॉटिक प्रेशर) वजा टीपी (टर्गर प्रेशर). पेशी पूर्ण ताठ असेल तर डीपीडी शून्य, लिबलिबीत असेल तर टीपी शून्य आणि डीपीडी ओपीएवढा. पाणी कमी डीपीडीकडून जास्त डीपीडीकडे जातं, पण वॉटर पोटेन्शियलच्या भाषेत जास्तकडून कमीकडे. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि एकाच उत्तरात मिसळली की दोन्ही चुकतात. एका उत्तरात एकच भाषा वापरायची.

हृदयचक्र: अलिंदांचं आकुंचन ०.१ सेकंद, निलयांचं ०.३, दोघांचं शिथिलन ०.४, बेरीज ०.८ आली पाहिजे. ठोके ७२ आणि दर ठोक्याला ७० मिली धरले तर मिनिटाला ५०४० मिली. बेरीज-गुणाकार करून बघायची सवय लागली की असले आकडे आपोआप पक्के होतात.

मासिक पाळीचा आलेख: प्रोजेस्टेरॉनचा उंचवटा चौदाव्या दिवसाच्या आधी काढला जातो. तो कॉर्पस ल्यूटियमकडून येतो आणि कॉर्पस ल्यूटियम अंडमोचनानंतरच तयार होतं. आधी चौदाव्या दिवसाची उभी रेघ काढायची, तिच्यापाशी एलएच या संप्रेरकाचा टोकदार उंचवटा, मग बाकीच्या तीन संप्रेरकांचे.

शब्द

दहावी मराठी माध्यमातून करून आलेल्या मुलांच्या तक्त्यात ‘श’ जास्त दिसतो. त्यांना संकल्पना येते, पण इंग्रजी शब्द निसटतो. पण इंग्रजी माध्यमाची मुलंही मिऑसिस आणि मायटॉसिसची स्पेलिंगं अशी लिहितात की तपासणाऱ्याला कुठलं ते कळू नये. यासाठी वेगळी जोड-यादी केली: स्पोरोफाइट-सॅप्रोफाइट, थायमीन-थायमिन (एक डीएनएतला बेस, दुसरं जीवनसत्त्व बी-१), ट्रान्सक्रिप्शन-ट्रान्सलेशन, अँटिजेन-अँटिबॉडी. या जोड्या देवनागरीत जवळजवळ सारख्या दिसतात, म्हणून कार्डाच्या एका बाजूला मराठी अर्थ आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी स्पेलिंग, लिहूनच तपासायची. बोलून तपासली तर चूक लपते.

ही कार्डं ट्रान्स-हार्बरच्या गाडीत चालतात. ठाण्याहून वाशीला साधारण अर्धा तास. ऐरोली-रबाळ्याला त्याहून कमी. पण सकाळच्या गर्दीत एका हाताने कडी धरून वीस कार्डांची गड्डी हाताळता येत नाही. दहाच न्या, रबर लावून. गाडीत फक्त ‘य’ प्रकारचे तुकडे. आकृती आणि गणित गाडीत ‘मनात’ करणं म्हणजे स्वतःची फसवणूक. त्याच मार्गावर ऐरोलीजवळची खाडी आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं. इन-सिटू (मूळ अधिवासातच केलेल्या) संवर्धनाचं उदाहरण लिहिताना दूरच्या काझीरंगाऐवजी हे लिहायला हरकत नाही. तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं पाहिलेला मुलगा खाऱ्या जमिनीतल्या अनुकूलनावर तीन मुद्दे न घोकता लिहितो.

आकृत्या

आकृत्यांची वेगळी यादी भिंतीवर: अ‍ॅनाट्रोपस ओव्ह्यूल, परिपक्व एम्ब्रिओ सॅक, टेस्टिस आणि ओव्हरीचा छेद, शुक्राणू, हृदयाचा उभा छेद, न्यूरॉन, रिफ्लेक्स आर्क, न्यूक्लिओसोम, पीबीआर-३२२ हा प्लाझ्मिड. प्रत्येकीला चार मिनिटं, घड्याळ लावून. पहिल्या प्रयत्नाला आठ लागतात. त्यातले चार शेडिंगमध्ये जातात, आणि शेडिंगला गुण नाहीत. पेन्सिल एकच, एचबी. नावांच्या रेघा पट्टीने, एकमेकींना न छेदणाऱ्या, शक्यतो सगळी नावं उजवीकडे. एम्ब्रिओ सॅकमध्ये पेशी सात आणि केंद्रकं आठ, हे मोजून मग पेन्सिल ठेवायची. हृदयात डावं-उजवं उलटतं कारण आकृती समोरच्या माणसाची असते. कागदाच्या दोन्ही कडांवर आधी ‘आर’ आणि ‘एल’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

तपासणार कोण

स्वतःचं उत्तर स्वतः तपासलं की गुण अर्ध्याने-एकाने फुगतात. ‘मला हेच म्हणायचं होतं’ हे मनातलं वाक्य गुण देऊन मोकळं होतं. म्हणून जोड्या लावल्या. ठाण्यातल्याने लिहायचं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, कोपरखैरण्याच्या जोडीदाराने पुस्तक उघडून तपासायचं. तपासताना तीन गुणांसाठी तीन ठळक मुद्दे आधी पुस्तकातून लिहून काढायचे, मग उत्तर बघायचं. उत्तर आधी वाचलं की त्याच्या ओघात मुद्दे सापडल्यासारखे वाटतात. दुसऱ्याचा कागद तपासणाऱ्याचीही उजळणी होते, हा वरचा फायदा.

प्रात्यक्षिक आणि प्रीलिम

प्रात्यक्षिकं ३० गुणांची, लेखीच्या आधी. जर्नल डिसेंबरअखेर सह्यांसकट पूर्ण करून टाका. जानेवारीत सर एकटे आणि मुलं साठ, अशी रांग लागते. स्पॉटिंगसाठी वाचन नको, नमुना ओळखणं आणि दोन कारणं लिहिणं एवढंच, रोज पाच.

प्रीलिमचा तपासलेला पेपर हाती आला की एकूण गुण बघून बाजूला ठेवणं ही मोठी उधळपट्टी. पेपरातला प्रत्येक प्रश्न आपल्या तुकड्यांना जोडून मिळालेले गुण आणि चुकीची खूण तक्त्यात भरायची. दोनेक तास लागतात. दुसऱ्या फेरीच्या पंधरा बैठका कुठल्या तुकड्यांवर घालवायच्या ते इथेच ठरतं. ही फेरी पहिल्या धड्यापासून सुरू करायची नाही, खुणांनुसार करायची. दोन बैठका नुसत्या ‘उ’च्या, तीन आकृत्यांच्या, दोन गणितांच्या, उरलेल्या आठ ‘मा’च्या. पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरू करणाऱ्यांचं वनस्पतींचं प्रजनन तोंडपाठ असतं आणि बायोटेक्नॉलॉजीपर्यंत ते दुसऱ्यांदा पोचतच नाहीत.

पूर्ण पेपर

पाचही पेपर सकाळी अकराला, कारण परीक्षा तेव्हाच असते. रात्री दहाला सोडवलेला पेपर वेगाबद्दल काही सांगत नाही. वेळेची वाटणी: पहिला विभाग २५ मिनिटं, दोन गुणांचे आठ प्रश्न पाच मिनिटांप्रमाणे ४०, तीन गुणांचे आठ प्रश्न आठ मिनिटांप्रमाणे ६४, चार गुणांचे तीन प्रश्न १३ मिनिटांप्रमाणे ३९. एकूण १६८, तीन तासांतली १२ मिनिटं शिल्लक. शेवटी मिळणारी वाढीव दहा मिनिटं हिशेबात धरायची नाहीत. ती प्रश्नपत्रिका आधी हातात मिळायची त्याच्या बदल्यातली आहेत आणि वाचण्यातच जातात. चार गुणांचे प्रश्न शेवटी ठेवले की आकृत्या घाईत जातात. आमच्यातल्या तिघांनी पहिला विभाग, मग चार गुणांचे, मग तीन, मग दोन असा क्रम लावला. दोघांना छापील क्रमच सोयीचा वाटला. यावर एकमत झालं नाही, आणि होण्याची गरजही नाही.

शेवटच्या दहा दिवसांत तक्त्यात नवे तुकडे घालायचे नाहीत, सूत्राच्या तारखाही पाळायच्या नाहीत. फक्त ० आणि १ वाले, रोज दहा, सांगाडे. पेपरच्या आदल्या दिवशी भिंतीवरची आकृत्यांची यादी एकदा आणि जोड-यादी एकदा.

पेपर झाल्यावर तक्ता पुसू नका. एमएचटी-सीईटीला (राज्याच्या प्रवेश परीक्षेला) बायोचे १०० प्रश्न, ९० मिनिटं, उणे गुण नाहीत. साधारण पाचवा हिस्सा अकरावीचा. त्यासाठी ‘आ’ आणि ‘सा’चे स्तंभ लपवा, अकरावीचे तुकडे वेगळ्या पानावर घाला, आणि तीनपैकी गुणांऐवजी दहा बहुपर्यायींपैकी किती ते भरा. ‘उ’ची खूण तेवढी तशीच ठेवा, बहुपर्यायीत चुकीचे पर्याय नेमके त्याच उलटापालटीवर बेतलेले असतात.